पोलीस-फायरचा रेडिओ स्कॅनरवर ऐकण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जे लिहिलं आहे ते अमेरिकेतल्या पोलीस, फायर आणि अँब्युलन्सच्या रेडिओबद्दल. छंद तिथला, कायदा तिथला, दुकानात मिळणारी यंत्रंही तिथल्या गरजेची. भारतात आणि इंग्लंडमध्ये काय चालतं ते शेवटाकडे आहे. तिकडे राहत असाल तर आधी ते वाचा, मग बाकीचं. उदाहरणं न्यू जर्सी-न्यूयॉर्कची जास्त आहेत, कारण माझा अँटेना त्या बाजूला आहे.

स्कॅनर म्हणजे वॉकीटॉकीच ना?

नाही. वॉकीटॉकीवर बोलता येतं, स्कॅनरवर फक्त ऐकता येतं. तुम्ही भरून दिलेल्या फ्रिक्वेन्सी तो एकामागून एक तपासत जातो. कुणी बोलत असेल तिथे थांबतो आणि बोलणं संपलं की पुढे सरकतो. मधली खरखर बंद ठेवणाऱ्या बटणाला स्क्वेल्च म्हणतात. नव्या माणसाचा "माझा स्कॅनर बिघडलाय" हा फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा स्क्वेल्च एका टोकाला फिरवलेला असतो.

हे ऐकणं कायद्यात बसतं का? मी एच-वन-बीवर आहे.

बसतं. १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी ॲक्टमध्ये तशी स्पष्ट सवलत आहे. पोलीस, फायर आणि इतर सरकारी खात्यांचं जे बोलणं सर्वसामान्य माणसाला सहज ऐकता येतं, ते ऐकणं गुन्हा नाही. ही सवलत 'कोणत्याही व्यक्ती'ला आहे. नागरिक, ग्रीन कार्डवाला, व्हिसावाला असा भेद त्यात नाही. एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे गुप्त संकेतात बंद केलेलं बोलणं मात्र 'सहज ऐकता येणारं' धरलं जात नाही.

याला दोन कुंपणं आहेत. पहिलं १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ६०५ चं. दुसऱ्याचं बोलणं ऐकून त्यातून स्वतःचा फायदा काढायला तिथे मनाई आहे. प्रतिस्पर्धी टॅक्सी कंपनीचा रेडिओ ऐकून तिची गिऱ्हाइकं पळवणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. दुसरं कुंपण राज्यांचं. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा या राज्यांत पोलिसांचा रेडिओ ऐकणारं यंत्र गाडीत ठेवण्यावर बंधनं आहेत. कुठे परवाना लागतो, कुठे हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन असलेल्यांना सूट मिळते. त्यामुळे न्यू जर्सीत सीटवर चालू असलेला स्कॅनर हॉलंड टनेलमधून मॅनहॅटनला बाहेर पडेपर्यंत भानगडीचा झालेला असू शकतो. शिवाय गुन्हा करताना स्कॅनर जवळ सापडला तर अनेक राज्यांत त्याचं वेगळं कलम लागतं.

कायद्यात नसलेला एक सल्ला माझ्याकडून: रेडिओवर पत्ता ऐकला म्हणून तिथे बघायला जाऊ नका. अरुंद गल्लीत बघ्यांच्या गाड्यांमुळे फायर इंजिन अडकलेलं मी रेडिओवरच ऐकलं आहे. ड्रायव्हर जे बोलत होता ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण पोलिसांनी आपलं बोलणं असं उघड्यावर ठेवलंच का?

त्यांनी ते ठरवून केलं नाही, रेडिओचा स्वभावच तो. डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून निरोप द्यायला सुरुवात केली. तो एकेरी होता: गाडीला ऐकू यायचं, पण उलट बोलता यायचं नाही. शिपायाला निरोप मिळाल्यावर फोन शोधावा लागे. दुहेरी बोलणं १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावाने सुरू केलं. त्या काळी पोलिसांच्या लहरी घरगुती रेडिओच्या पट्ट्याला अगदी लागून होत्या. काटा डायलच्या टोकाशी नेला की संगीताच्या पलीकडे पोलीस ऐकू यायचे. म्हणजे ऐकणारे लोक पहिल्या दिवसापासून होते, स्कॅनर नावाचं यंत्र नंतर आलं.

न्यूयॉर्कचा प्रसिद्ध छायाचित्रकार वीजी याने १९३८ पासून परवानगी घेऊन गाडीत पोलीस रेडिओ ठेवला होता. खून झाल्यावर तो कधी कधी पोलिसांच्याही आधी पोचायचा. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तेव्हापासून गेली कित्येक दशकं एक स्कॅनर कुरकुरत असे, आणि रात्रपाळीच्या नवख्या वार्ताहराचं पहिलं काम त्याकडे कान ठेवण्याचं असे.

घरोघरी वापरता येईल असा स्कॅनर सत्तरच्या दशकात आला. आधी प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा क्रिस्टल विकत घ्यावा लागे. मग बेअरकॅटसारख्या यंत्रांत आकडे थेट टाइप करता येऊ लागले. बेअरकॅट हे नाव पुढे युनिडेनकडे गेलं, आजही ते त्यांच्या यंत्रांवर असतं.

कुठला स्कॅनर घेऊ?

या प्रश्नाला कुणी मॉडेलचं नाव सांगून उत्तर दिलं, तर त्याने आधी तुमचं गाव विचारलं का ते बघा. विचारलं नसेल तर त्याचं ऐकू नका. लोक शंभर डॉलर वाचवायला जातात आणि घरी आणलेल्या यंत्रावर विमानं आणि हवामान सोडून काही येत नाही. उलट कुणी सातशे डॉलर मोजतो, आणि त्याच्या गावचे पोलीस पूर्ण एन्क्रिप्टेड निघतात.

म्हणून आधी रेडिओरेफरन्स या साइटवर आपली काउंटी काढा. तिथे प्रत्येक खात्यापुढे प्रकार लिहिलेला असतो. तीन गोष्टी बघायच्या.

ॲनालॉग, म्हणजे डिजिटल नसलेली जुनी पद्धत असेल तर सोपं आहे. युनिडेन बीसी१२५एटीसारखा शंभर-सव्वाशे डॉलरचा हातातला स्कॅनर पुरतो. त्यात ५०० चॅनल बसतात, विमानं आणि रेल्वेही ऐकू येतात. पण तो ५१२ मेगाहर्ट्झच्या वर जात नाही, आणि मोठ्या शहरांचा बराचसा कारभार ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवर चालतो.

पी-२५ लिहिलं असेल तर डिजिटल स्कॅनरच लागेल. पी-२५ हे सुरक्षा यंत्रणांच्या डिजिटल रेडिओचं मानक. त्याचं काम १९८९ मध्ये सुरू झालं. त्यात फेज वन आणि फेज टू आहेत. फेज टूमध्ये एकाच १२.५ किलोहर्ट्झच्या वाहिनीवर दोन बोलणी आळीपाळीने बसवतात. जुना डिजिटल स्कॅनर घेताना तो फेज टू ऐकतो का हे विचारून घ्या. युनिडेनचे बीसीडी४३६एचपी आणि एसडीएस१०० दोन्ही फेज ऐकतात, आणि त्यांच्यात झिप कोड टाकला की आसपासची खाती आपोआप येतात. इंजिनीअर माणसाला हे कमीपणाचं वाटतं, तरी पहिल्या आठवड्यात झिप कोडच वापरा.

आणि खात्यापुढे एन्क्रिप्टेड असं लिहिलेलं असेल, तर त्या खात्यासाठी कुठलाच स्कॅनर घेऊ नका. दुकानदार काहीही सांगो.

ट्रंकिंग म्हणजे काय? एकच फ्रिक्वेन्सी भरली तर अर्धंच बोलणं का येतं?

एस.टी. स्टँड आठवा. साताऱ्याच्या गाडीला कायमचा फलाट नसतो. जो मोकळा असेल तिथे ती लागते, आणि कुठे लागली ते नियंत्रक माईकवरून सांगतो. ट्रंकिंगमध्ये फलाट म्हणजे फ्रिक्वेन्सी, गाडी म्हणजे टॉकग्रुप (एकमेकांशी बोलणाऱ्यांचा एक गट), आणि नियंत्रकाचा माईक म्हणजे कंट्रोल चॅनल. तुम्ही एका फ्रिक्वेन्सीवर थांबलात की पोलिसांचं एक वाक्य, मग नगरपालिकेच्या बर्फ उपसणाऱ्या गाडीचं, मग शाळेच्या बसचं असं काहीतरी ऐकू येतं. ट्रंकिंगचा स्कॅनर सतत कंट्रोल चॅनलवर कान ठेवतो आणि तुम्हाला हव्या त्या टॉकग्रुपच्या मागे धावतो. म्हणून त्यात फ्रिक्वेन्सीपेक्षा टॉकग्रुपचे नंबर महत्त्वाचे.

महागडा डिजिटल स्कॅनर घेतला तरी आवाज पाण्यात बुडाल्यासारखा का येतो?

याचं कारण बहुधा सिमुलकास्ट असतं. काउंटीभर एकच बोलणं पोचावं म्हणून अनेक टॉवर एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच प्रक्षेपण करतात. दोन टॉवरच्या लहरी तुमच्यापर्यंत किंचित पुढेमागे पोचतात आणि साध्या रिसीव्हरला आकड्यांचा मेळ लागत नाही. गंमत म्हणजे अशा वेळी सिग्नलच्या कांड्या पूर्ण भरलेल्या दिसतात. मोठा अँटेना लावला तर आणखी टॉवर ऐकू येऊन प्रकरण बिघडतं. उपाय उलटा असतो: अँटेना लहान करा, खिडकी बदला, एकाच टॉवरचा जोर राहील असा कोपरा शोधा. युनिडेनने २०१८ मध्ये आणलेल्या एसडीएस१०० चा रिसीव्हर याच दुखण्यासाठी वेगळ्या पद्धतीने बनवलेला आहे. त्याची किंमत त्यामुळेच आहे. तुमच्या काउंटीत सिमुलकास्ट नसेल तर तेवढे पैसे घालू नका.

फोनवर ॲप फुकट आहे, मग यंत्र कशाला?

बहुतेकांना ॲप पुरेल, हे प्रामाणिकपणे सांगतो. ब्रॉडकास्टिफाय या साइटवर देशभरातले हजारो प्रवाह (स्ट्रीम) आहेत. तिथला आवाज कुठल्या तरी हौशी माणसाच्या तळघरातल्या स्कॅनरमधून येतो, हे मात्र लक्षात ठेवा. तो सुट्टीवर गेला, त्याचं इंटरनेट गेलं, की प्रवाह बंद. कुठले चॅनल लावायचे तेही तोच ठरवतो, आणि तुमच्यापर्यंत आवाज थोडा उशिरा पोचतो.

यंत्राची खरी किंमत वादळात कळते. वीज गेली, मोबाईलचे टॉवर गुदमरले, की ॲप मुकं होतं. बॅटरीवरचा स्कॅनर चालत राहतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीवर कोसळला आणि राज्यात ३० जणांचे बळी गेले. त्या रात्री कुठल्या रस्त्यावर गाड्या बुडताहेत, कुठला अंडरपास भरलाय, हे रेडिओवर मिनिटामिनिटाला येत होतं. बातम्यांत ते उजाडल्यावर आलं. ज्याला त्या रात्री ऑफिसातून घरी परतायचं होतं त्याला ही माहिती सोन्यासारखी होती.

तीस डॉलरच्या यूएसबी डोंगलने काम होतं म्हणतात, खरं का?

खरं आहे. टीव्ही बघण्यासाठी बनवलेल्या, आरटीएल२८३२यू चिप असलेल्या डोंगलवर भलामोठा पट्टा ऐकता येतो, हे २०१२ च्या सुमारास हौशी प्रोग्रामरांच्या ध्यानात आलं आणि स्वस्त एसडीआरचं, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओचं, युग सुरू झालं. एसडीआरट्रंक, ओपी२५ ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि पी-२५ व्यवस्थित ऐकवतात. कॉम्प्युटरशी झटायची आवड असेल तर याहून चांगला मार्ग नाही. दिवाणखान्यात ठेवून बटण दाबून ऐकायचं असेल तर यात पडू नका, घरचे वैतागतील.

अँटेना कसा असावा?

सोबत येणारा रबरी अँटेना ठीकठाक असतो, कुठल्याच पट्ट्यावर उत्तम नसतो. पाव-तरंग लांबीचा, म्हणजे लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाचा, हिशेब सोपा आहे: १५५ मेगाहर्ट्झसाठी साधारण ४८ सेंटिमीटर, ४६० साठी १६, आणि ८५० साठी जेमतेम ९. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर खिडकीजवळ ठेवलेला साधा अँटेना खोलीच्या आतल्या महागड्या अँटेनापेक्षा सरस ठरतो. छपरावर लावणार असाल तर अर्थिंग करून घ्या. इथल्या उन्हाळ्यातल्या विजा थट्टा करत नाहीत.

पहिल्या दिवशी एक शब्द कळला नाही. सगळे आकड्यांत बोलतात.

कान बसायला वेळ लागतो. त्यातून डिस्पॅचरचा (गाड्यांना निरोप देणाऱ्याचा) वेग, न्यू जर्सीचे उच्चार आणि रेडिओचं फिल्टर असं तिहेरी संकट. पोलिसांपासून सुरुवात करू नका, फायरपासून करा. फायरचं बोलणं हळू असतं, पुन्हा सांगितलं जातं, आणि त्याला गोष्टीसारखा क्रम असतो. आधी टोन वाजतात. गावोगावच्या स्वयंसेवक दलांचे पेजर त्या दोन सुरांनी जागे होतात. मग पत्ता, मग काय घडलंय ते. पहिली गाडी पोचली की अधिकारी समोर काय दिसतंय ते सांगतो: किती मजली, लाकडी की विटांचं, धूर कुठून. 'वर्किंग फायर' ऐकलं की आग खरी आहे. 'सेकंड अलार्म' म्हणजे आणखी गाड्या निघाल्या. 'मे डे' ऐकलं तर जवान स्वतः अडकलाय, आणि त्या क्षणी बाकी सगळा चॅनल गप्प होतो.

यातले निम्मे-अधिक कॉल काहीच नसतात. ऑटोमॅटिक अलार्म वाजलेला असतो, दल पोचतं, 'बर्न्ट फूड' म्हणून परत फिरतं. आपल्या वस्तीच्या अपार्टमेंट संकुलांचे पत्ते संध्याकाळी साताच्या सुमारास येऊ लागले की फोडणीच्या वेळा झाल्या हे मला घड्याळ न बघता कळतं. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा, एवढी विनंती.

आकड्यांचं म्हणाल तर टेन-कोडची कुळकथा मजेशीर आहे. इलिनॉय स्टेट पोलिसांतल्या चार्ल्स हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास ही पद्धत बांधली. तेव्हाच्या रेडिओत बोलायचं बटण दाबल्यावर आतलं जनित्र वेग घेईपर्यंत क्षणभर जायचा आणि पहिला उच्चार खाल्ला जायचा. म्हणून खाल्ला गेला तरी चालेल असा 'टेन' आधी बोलायचा आणि खरा आकडा नंतर. जनित्रं केव्हाच गेली, टेन राहिला. पंचाईत अशी की प्रत्येक गावाचा कोश वेगळा. न्यूयॉर्क पोलिसांत टेन-थर्टीन म्हणजे अधिकाऱ्याला तातडीची मदत हवी, आणि त्याच न्यूयॉर्कच्या फायर दलाचे आकडे पुन्हा निराळे. ९/११ आणि कॅटरिना वादळानंतर केंद्र सरकारने आग्रह धरला की अनेक खाती एकत्र येतील तिथे साध्या इंग्रजीत बोला. बऱ्याच ठिकाणी आता तसंच चालतं. न्यूयॉर्कवाले मात्र वाक्याच्या शेवटी अजून 'के' म्हणतात. तारायंत्राच्या काळात 'आता तू बोल' यासाठी ते अक्षर वापरत.

लोकांचे ९११ चे फोन ऐकू येतात का?

नाही. ९११ हा फोन आहे, रेडिओ नव्हे. तुम्हाला ऐकू येतं ते फोन घेतल्यानंतर डिस्पॅचर गाडीला काय सांगतो ते. हा फरक लहान नाही. घाबरलेल्या माणसाने सांगितलेलं, फोन घेणाऱ्याने समजून घेतलेलं, टाइप केलेलं, आणि डिस्पॅचरने वाचलेलं असं ते तुमच्यापर्यंत पोचतं. 'बंदूकधारी माणूस' म्हणून गेलेला कॉल शेवटी छत्री घेतलेला माणूस निघतो.

अँब्युलन्सच्या बोलण्यात वय, लक्षणं आणि पत्ता येतो, नाव सहसा येत नाही. न्यू जर्सीत पहिली गाडी बऱ्याचदा गावच्या स्वयंसेवकांची असते आणि प्रगत उपचार करणारे पॅरामेडिक हॉस्पिटलकडून वेगळे येतात. त्यामुळे एकाच रुग्णासाठी दोन चॅनलवर बोलणं चालतं. शेजारच्या काकांच्या घरचा पत्ता ऐकू आला तर? फोन करून "काय झालं हो?" विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील.

ऐकलेलं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? लोक सावध होतील.

टाकू नका. या उत्तरावर सगळ्यात जास्त वाद घातला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

एप्रिल २०१३. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले होते, आणि १८-१९ च्या मध्यरात्री वॉटरटाउनमध्ये संशयितांचा पाठलाग चालू होता. देशभरातून लोक बॉस्टन पोलिसांचा रेडिओ इंटरनेटवर ऐकत होते. एका अधिकाऱ्याने रेडिओवर कुणाचं तरी आडनाव एकेक अक्षर करून सांगितलं आणि पहिल्या अक्षरासाठी नेहमीप्रमाणे 'एम ॲज इन माइक' म्हणाला. ऐकणाऱ्यांनी माइक हे त्या माणसाचं पहिलं नाव धरलं. त्याच सुमारास काही आठवड्यांपासून बेपत्ता असलेल्या एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचं नाव 'स्कॅनरवर आलं' म्हणून पसरलं. ते स्कॅनरवर आलंच नव्हतं. दोघांचाही स्फोटाशी काडीचा संबंध नव्हता. त्या विद्यार्थ्याच्या घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल याचा विचार करा. त्याचा मृतदेह पुढे काही दिवसांनी नदीत सापडला. त्याच १९ तारखेला बॉस्टन पोलिसांना, झडती चालू असलेल्या घरांची ठिकाणं जाहीर करू नका, जवानांच्या जिवाला धोका होतो, असं ट्विटरवरून सांगावं लागलं.

रेडिओवर येतो तो पहिला अंदाज. बोलणाऱ्यालाही ते माहीत असतं, तो पुढच्या दोन मिनिटांत स्वतःच दुरुस्त करतो. पण तुमचा फॉरवर्ड पहिल्या वाक्यावर निघून गेलेला असतो आणि दुरुस्ती कुणीच फॉरवर्ड करत नाही. शिवाय दुसऱ्याला कळवण्याचा प्रश्न आला की कलम ६०५ चं कुंपण पुन्हा जवळ येतं. रस्ता बंद असेल तर पोलिसांच्या अधिकृत पानाची लिंक टाका. पाच मिनिटं उशीर झाला तर मंडळाचं काही अडत नाही.

आमच्या शहराचे पोलीस अचानक गप्प झाले. यंत्र बिघडलं का?

यंत्र नीट आहे, शहराने एन्क्रिप्शन चालू केलं असावं. डेन्व्हर पोलिसांनी २०१९ मध्ये सगळं बोलणं बंद दाराआड नेलं. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२० मध्ये सांगितलं की लोकांची खासगी माहिती रेडिओवर उघडी जाता कामा नये. त्याचा सोपा अर्थ अनेक शहरांनी 'सगळंच एन्क्रिप्ट करा' असा घेतला. शिकागोने २०२२ मध्ये एन्क्रिप्शन वाढवलं आणि लोकांसाठी अर्ध्या तासाच्या उशिराने प्रवाह ठेवला. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली.

पोलिसांची बाजू खोटी नाही. लायसन नंबर, जन्मतारीख, पीडितेचा पत्ता हे सगळं उघड्या रेडिओवर जात होतं, आणि चोरही ऐकत होते. पण त्यासाठी नेहमीची गस्त, अपघात, रस्ते हे सगळंच कुलपात घालायची गरज नव्हती. पॅलो आल्टोने जानेवारी २०२१ मध्ये एन्क्रिप्शन केलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये काढून टाकलं. खासगी माहिती फोनवर किंवा गाडीतल्या कॉम्प्युटरवर घ्यायची, बाकी उघडं ठेवायचं. एका गावाला हे जमतं तर बाकीच्यांना का जमू नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. अर्ध्या तासाच्या उशिराचा प्रवाह वार्ताहराच्याही उपयोगाचा नाही आणि पुरात अडकलेल्याच्याही.

एन्क्रिप्शन फोडता येईल का, असं विचारू नका. येत नाही, आणि प्रयत्न करणं गुन्हा आहे.

फायर बहुतेक ठिकाणी अजून उघडं आहे. त्यामागे तांत्रिक कारणही आहे. सुरुवातीच्या डिजिटल रेडिओत करवतीच्या आणि अलार्मच्या गोंगाटात माणसाचा आवाज चिरडून जायचा, म्हणून कित्येक दलांनी आगीच्या जागेवरचं बोलणं साध्या ॲनालॉगवरच ठेवलं.

पोलीस गेले तर मग ऐकायचं काय?

बरंच काही. हवामान खात्याचा रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या सात फ्रिक्वेन्सींवर चोवीस तास चालतो. टोर्नेडोचा इशारा आला की स्कॅनर स्वतःहून किंचाळेल अशी सोय असते. ती चालू ठेवा, स्कॅनर घेण्याचं तेवढं एक कारणही पुरेसं आहे. रेल्वे १६०-१६१ च्या आसपास. बोटी १५६.८ वर, म्हणजे चॅनल सोळावर.

आणि विमानं. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, आजही जुन्या एएम पद्धतीने आणि उघड. नेवार्कच्या जवळ राहत असाल तर मुंबईहून आलेल्या विमानाच्या पायलटला उतरायची परवानगी मिळते ती तुमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. आई-बाबांना आणायला निघायचं कधी याचा अंदाज त्यावरून लावणारे लोक मला माहीत आहेत. इमिग्रेशनची रांग मात्र स्कॅनर सांगत नाही.

हा स्कॅनर पुण्याला नेऊ का?

नेऊ नका. अमेरिकेत ऐकणं मोकळं आणि अपवादाला बंदी, भारतात नेमकं उलटं. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टप्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणंच गुन्हा होता. घरच्या साध्या रेडिओचं लायसन पोस्टात भरल्याचं ज्येष्ठांना आठवत असेल, ते याच वातावरणातलं. त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये बेकायदा संदेश ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. कस्टमवर 'छंद आहे' हे उत्तर चालणार नाही.

दोन देशांमधली दरी समजायला एक गोष्ट पुरेशी आहे. २६/११ च्या रात्री मुंबई पोलिसांच्या नियंत्रण कक्षात काय बोललं गेलं, हे शहीद अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांना माहितीचा अधिकार वापरून, नोंदी मागून शोधावं लागलं.

भारतात रेडिओची हौस रीतसर भागवायची असेल तर हॅमची परीक्षा द्या. वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, पास झालात आणि लायसन मिळालं की व्हीयू-थ्री किंवा व्हीयू-टूने सुरू होणारं स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. आणि तिथे नुसतं ऐकायचं नाही, बोलायचंही असतं.

लंडनला?

तिथेही नाही. २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी ॲक्टनुसार तुमच्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं गुन्हा आहे. तसंही तिथल्या आपत्कालीन सेवा एअरवेव्ह या एन्क्रिप्टेड जाळ्यावर असल्याने स्कॅनरवर काही येणार नाही.

घरात लहान मुलं आहेत. चालू ठेवावा का?

मोठ्या आवाजात नको. दिवसभर खोटे अलार्म आणि हरवलेली कुत्री ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि मग एका संध्याकाळी पाळणाघराच्या पत्त्यावर 'श्वास घेत नाही' असा कॉल येतो. त्याचा शेवट काय झाला ते रेडिओवर सहसा कळत नाही. इअरफोन वापरा, आणि झोपायच्या खोलीत स्कॅनर ठेवू नका.

गराज सेलमध्ये जुना रेडिओशॅकचा स्कॅनर दिसला. घेऊ?

विमानं, रेल्वे, हवामान आणि आडगावातलं ॲनालॉग फायर यांसाठी जुना स्कॅनर अजून उत्तम चालतो. २०१३ पासून खात्यांना वाहिन्या अर्ध्या रुंदीच्या कराव्या लागल्या, त्यामुळे जुन्या यंत्रावर आवाज थोडा बारीक येतो, एवढंच.

विकणारा कानात सांगेल की "हा जुना आहे, यावर मोबाईलची बोलणीही ऐकू येतात." त्यात एकेकाळी तथ्य होतं. डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या एका जोडप्याने स्कॅनरवर अमेरिकी संसदेचे तेव्हाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचं फोनवरचं संभाषण टिपलं, टेप पुढे वर्तमानपत्रात पोचली, आणि त्या दोघांना प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. पण मोबाईलचा पट्टा ऐकणारे स्कॅनर बनवायला आणि आयात करायला १९९४ पासूनच बंदी आहे, आणि २००८ मध्ये जुनं ॲनालॉग जाळं बंद करायची कंपन्यांना मुभा मिळाली तेव्हा ते आवाजही संपले. तेव्हा त्या गुणाचे जास्त पैसे देऊ नका. बॅटरीचा कप्पा उघडून बघा. आत गळलेल्या सेलचा पांढरा चुरा नसेल तर दहा डॉलर ठीक आहेत, असेल तर पाच म्हणा.